भंगारवालाही नको म्हणतो अशा वस्तूंचं तुम्ही काय करता?

शेवंती
तीन वर्षं झाली, आमच्या घरातून ओला कचरा बाहेर गेलेला नाही. बाल्कनीत दोन माठ आहेत, एक भरला की दुसरा सुरू, खत झाडांना आणि उरलं तर शेजाऱ्यांना जबरदस्तीने. सुकं सगळं धुऊन वाळवून कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना देते, दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण न कापता लटकता ठेवते (तो चिमुकला तुकडा नाहीतर थेट गटारात जातो), मासे आणायला डबा घेऊन जाते. थोडक्यात मला चांगलाच माज होता.

गेल्या महिन्यात आईबाबांचं सदाशिव पेठेतलं घर रिकामं करायला घेतलं आणि तो माज माळ्यावरच उतरला. भंगारवाले काका आले, तांब्याचा बंब, लोखंडी कॉट, रद्दी सगळं तोलून घेतलं आणि उरलेल्या ढिगाकडे बघून म्हणाले, "हे तुमच्याकडंच असू द्या ताई."

तर तो ढीग: एक्सरेच्या चाळीसेक फिल्म, सगळ्यात जुनी १९८४ची. बाबांची स्मृतिचिन्हं, मोजली, ६३ भरली. देवाच्या तसबिरी अकरा, त्यातल्या दोन तसबिरींच्या काचा तडकलेल्या. कॅसेटी दोन खोकी. पाऱ्याचे दोन थर्मामीटर, पैकी एक फुटका, पारा डबीत गडगडतोय. औषधांची एक पिशवी. तडा गेलेली काचेची ओव्हनची भांडी. आणि आजोबांची कवळी.

"घंटागाडीत टाकून मोकळी हो" हे उत्तर नको, ते नवऱ्याने आधीच दिलंय. तुम्ही स्वतः काय केलंत ते सांगा.

खडीसाखर
कवळी??? सांभाळून का ठेवली होती?

शेवंती
माहीत नाही गं. आजोबा १९९४ला गेले. आजीने स्टीलच्या डबीत ठेवली होती, आता विचारायला आजीही नाही. आई म्हणते "असू दे", पण कुठे असू दे ते सांगत नाही.

भंगारभूषण
एक्सरे फेकू नका. फिल्म म्हणजे खाली पॉलिएस्टरचा पातळ पत्रा आणि त्यावर चांदीच्या संयुगाचा थर, जो भाग काळा दिसतो तिथे चांदीचेच बारीक कण असतात. त्यामुळे जुन्या फिल्म विकत घेणारे लोक आहेत, फक्त ते गल्लीत हातगाडी घेऊन फिरणारे नव्हेत. जिथे एक्सरे काढतात त्या सेंटरवर विचारा, त्यांच्या स्क्रॅपबरोबर बरेच जण घेतात. नाव-वय असलेली पट्टी कापून द्या.

आणि कृपया यूट्यूब बघून घरी चांदी काढायला बसू नका. चाळीस फिल्ममधून निघेल ती चांदी तुमच्या हातमोज्यांचा खर्चही भरून काढणार नाही.

पिंपळपान
आमच्या आईने एक्सरे ब्लीचच्या पाण्यात भिजवून पुसून काढले होते, लख्ख पारदर्शक होतात. मग त्याचे रांगोळीचे साचे कापले. पंधरा वर्षं दर दिवाळीला माझ्या गुडघ्यातून लक्ष्मीची पावलं पडतायत.

भंगारभूषण
साचे उत्तम, पण ती चांदी मोरीतून गेली ना मग :)

खवचट_खारीक
लक्ष्मी आली ती मोरीतून गेली असं म्हणा की.

सह्याद्री_६१
आम्ही १९८०चं ग्रहण एक्सरेतून बघितलं होतं, अख्ख्या वाड्यात एकच फिल्म, काकांच्या बरगड्यांची, रांग लावून बघितलं. आता नातवाला सांगितलं तर तो म्हणाला आजोबा ते सेफ नसतं. नसतंच म्हणे, प्रकाश कमी झाल्यासारखा वाटतो पण डोळ्याला इजा करणारे किरण आत येतातच. तेव्हा धागाकर्तीने त्या कामासाठी ठेवू नयेत.

ओसाकावहिनी
शेवंती, कवळीवरून सांगते, हसू नका. इथे जपानमध्ये बऱ्याच नगरपालिकांच्या कचेऱ्यांत नको असलेल्या कवळ्यांची पेटी ठेवलेली असते. बाजूच्या दातांना अडकवायचे जे धातूचे आकडे असतात त्यात सोनं, चांदी, पॅलेडियम असा मिश्रधातू असतो, तो वेगळा काढून विकतात आणि पैसे युनिसेफ वगैरेंना जातात. पहिल्यांदा ती पेटी बघून मी दोन पावलं मागे गेले होते. आजोबांच्या कवळीला आकडे आहेत का?

शेवंती
नाहीत. पूर्ण गुलाबी, वरची आणि खालची.

ओसाकावहिनी
मग इथेही नाही घेणार, नुसतं अ‍ॅक्रिलिक आहे ते.

खवचट_खारीक
म्हणजे आजोबा हसतायत आणि जपान नको म्हणतंय.

मेनरोड_नाशिक
स्मृतिचिन्हांचं आधी बोला. ६३!! बाबा राजकारणात होते का?

शेवंती
मुख्याध्यापक. निवृत्तीनंतर व्याख्यानं द्यायचे, विषय बहुतेक वेळा पर्यावरण. १४ स्मृतिचिन्हांवर 'वसुंधरा' अशा अर्थाचं काहीतरी कोरलंय, सगळी फायबरची. शाली थंडीत वाटून टाकल्या, श्रीफळं त्या त्या वेळी खोवली गेली, हे तेवढं राहिलं.

चिंचगुळ
ट्रॉफीच्या दुकानात घेऊन जा. आमच्या इथला माणूस जुन्या ट्रॉफीचं बूड आणि वरचा कप वापरतो, फक्त नावाची पट्टी बदलतो. पैसे देत नाही पण घेतो. नाहीतर जवळच्या शाळेत विचारा, क्रीडादिनाला त्यांना हव्याच असतात.

आमच्या सोसायटीच्या गणपतीत गेली तीन वर्षं फिरत्या ट्रॉफ्या आहेत, सगळ्यांनी घरातल्या जमा केल्या आणि वर नवीन कागद चिकटवले. मला लिंबू-चमच्यात पहिलं बक्षीस मिळालं, घरी येऊन कागद खरवडला तर खाली 'उत्कृष्ट ऊस उत्पादक'.

खडीसाखर
हाहाहा. ऊस कुठे लावलाय मग?

पंचपाळे
धागा चांगला आहे पण एक खटकलं, देवाच्या तसबिरी कवळीच्या आणि औषधांच्या रांगेत? निदान वेगळा परिच्छेद तरी द्यायचा. ज्या तसबिरीला कुणी पन्नास वर्षं उदबत्ती ओवाळली तिला कचरा म्हणणं मनाला पटत नाही. वाहत्या पाण्यात सोडा किंवा देवळात नेऊन ठेवा, आपल्याकडे रीत आहे.

शेवंती
पंचपाळे, कचरा कुठेच म्हटलं नाहीये, ढीग म्हटलंय. कचरा वाटला असता तर धागा काढलाच नसता.

मेनरोड_नाशिक
पंचपाळे, भावना समजली, पण रीत कागदाच्या आणि मातीच्या देवाची आहे. आताची तसबीर म्हणजे काच, एमडीएफ, खिळे, मागे प्लायचा तुकडा आणि प्लॅस्टिकचा हार. गोदावरीवर या एकदा, काठाला अनवाणी चालून दाखवा. देवळातले पुजारीही काय करणार, मागच्या पिंपळाला टेकवून ठेवतात. पावसाने रंग उतरलेले, कुत्रं शेजारी झोपलेलं, असे देव मी रोज ऑफिसला जाताना बघतो. त्यापेक्षा वाईट काय होणार?

आमच्या नाशिकच्याच तृप्ती गायकवाड यांनी संपूर्णम सेवा फाउंडेशन काढलंय. जुन्या तसबिरी आणि भंगलेल्या मूर्ती लोकांकडून घेतात, त्यांची रीतसर उत्तरपूजा करतात आणि मग काच वेगळी, लाकूड वेगळं, कागद वेगळा करून पुढे वापरतात. मला त्यातला क्रम आवडला, आधी पूजा, मग पेचकस.

पंचपाळे
उत्तरपूजा करत असतील तर माझी हरकत नाही. हे माहीत नव्हतं. माझ्या सासूबाईंकडेही सात आहेत :)

रसायनबुवा
देवांचा विषय निघालाच आहे तर प्लॅस्टरच्या गणपतीचं सांगतो. पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने शोधलेली पद्धत आहे, बादलीत पाणी, त्यात अमोनियम बायकार्बोनेट म्हणजे बेकरीतला खायचा सोडा नव्हे, बिस्किटवाले वापरतात ती दुसरी पावडर, साधारण मूर्तीच्या वजनाइतकी. त्यात मूर्ती ठेवायची आणि अधूनमधून ढवळायचं, दोन-तीन दिवसांत विरघळते. प्लॅस्टर म्हणजे कॅल्शियम सल्फेट, त्याचं खाली चुनखडीसारखं कॅल्शियम कार्बोनेट बसतं आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट, जे शेतकरी खत म्हणून पैसे देऊन घेतात. पातळ करून झाडांना घाला. पुण्यात पालिकेने ही पावडर फुकटही वाटली होती.

फक्त बंद बाथरूममध्ये करू नका. मी केलं. अमोनियाने डोळे असे चुरचुरले की बायकोला वाटलं बाप्पा गेले म्हणून रडतोय.

ठाणे_वेस्ट_काकू
त्यापेक्षा शाडूची आणा ना सरळ. पुण्यात 'पुनरावर्तन' मोहिमेत विसर्जनानंतरची शाडू माती गोळा करून परत मूर्तिकारांना देतात, माझी बहीण दरवर्षी देते. ती माती कुठल्यातरी डोंगरातून खोदूनच आणलेली असते, दर वर्षी नवीन कशाला.

अवांतर: सीडीचं कुणी काय केलंय? मी कबुतरं यायला नकोत म्हणून बाल्कनीत टांगल्या. पहिले चार दिवस आली नाहीत. आता सीडीत तोंड बघायला येतात.

साबणी_माई
अवांतरात माझंही घ्या, तळणीचं तेल. दिवाळीनंतर माझ्याकडे दीड-दोन किलो जळकं तेल उरतं, मोरीत ओतलं तर पाइप तुंबतो, दिव्याला वापरलं तर वास. मी चार वर्षं त्याचा साबण करते. किलोभर गाळलेल्या तेलाला साधारण १३० ग्रॅम कॉस्टिक सोडा, आधी वजनाने मोजून पाण्यात, कायम सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर नाही, उकळी फुटून अंगावर येतं. स्टीलचं किंवा जाड प्लॅस्टिकचं भांडं, अ‍ॅल्युमिनियमचं अजिबात नको, सोडा ते खातो आणि हायड्रोजन सुटतो. निवलं की तेलात घालून दाट होईपर्यंत घुसळायचं, साच्यात ओतायचं आणि मग सहा आठवडे विसरून जायचं. हातमोजे, चष्मा, पोरं घराबाहेर.

अंगाला लावायचा नाही, भांडी आणि पायपुसणी धुवायला एक नंबर. वास थोडा चकलीचा येतो.

खवचट_खारीक
साबणाला चकलीचा आणि चकलीला साबणाचा, आमच्या काकूंचं दुसरं खरं आहे.

बुच_उडालं
मी बायोएन्झाइमवाला. एक भाग गूळ, तीन भाग लिंबा-संत्र्याच्या साली, दहा भाग पाणी, तीन महिने. सगळ्यांनी सांगितलं होतं पहिला महिना रोज झाकण सैल करून गॅस सोड. मी लग्नाला पाच दिवस कोल्हापूरला गेलो. तिसऱ्या रात्री दोन वाजता शेजारच्यांचा फोन, तुमच्या घरात सिलिंडर फुटला. काचेची बाटली होती. प्लॅस्टिकचीच घ्या आणि गच्च भरू नका, एवढंच सांगायला आलोय. फरशी मात्र महिनाभर चकचकीत होती.

कागद_काच_पत्रा
मी पुण्यात कचरावेचकांबरोबर काही वर्षं काम केलंय म्हणून जरा वेगळा सूर लावतो. आयडी त्यांच्या संघटनेवरून घेतलाय, १९९३ साली स्थापन झालेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली, पुण्यात बहुतेकांच्या दारात येणाऱ्या ताई तिच्या सभासद.

इथे प्रत्येक जण 'ताईंना देते' म्हणतो. ताई त्यातलं काय विकू शकतात हे कधी विचारलंय का? पुठ्ठा, पेपर, पाण्याची बाटली, दुधाची पिशवी, पत्रा याला भाव आहे. चिप्सचं पाकीट, शाम्पूची पुडी, बिस्किटाचं वेष्टन याला नाही, कारण त्यात प्लॅस्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, सुटे करणं परवडत नाही. गोळ्यांच्या पाकिटाचंही तेच. आपण धुऊन वाळवून देतो आणि आपल्याला वाटतं रिसायकल झालं. ताई ते पाठीवर वाहून नेतात आणि पुढे फेकतात, एवढाच फरक.

दुसरं, फुटकी काच नुसती टाकू नका, जाड कागदात गुंडाळून वर मोठ्या अक्षरात लिहा. सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून लाल ठिपका काढा, ती मोहीम त्यांनीच पुण्यात चालवली, कारण उघडून बघावं लागू नये. हात त्यांचे असतात.

खडीसाखर
लाल ठिपका मी करते. बाकीचं वाचून जरा गप्प झाले. मग चिप्सच्या पाकिटांचं काहीच होत नाही का?

कागद_काच_पत्रा
होतं, थोडं. पुण्यातल्याच 'आशाया'ने २०२३ मध्ये चिप्सच्या पाकिटांपासून गॉगल काढले, रीचरखावाले असली वेष्टनं कापून चरख्यावर कातून हातमागावर पिशव्या विणतात. चांगली कामं आहेत. पण महाराष्ट्रात दिवसाला किती पाकिटं फुटतात आणि गॉगल किती लागतात याचा हिशेब करा.

बुच_उडालं
म्हणजे करायचंच नाही का मग काही? असं प्रत्येक गोष्टीला 'याने काय होणार' म्हटलं की लोक आहे तेही सोडतात.

कागद_काच_पत्रा
करा हो. पाकीट विकत घेताना करा, धुताना नाही, एवढंच.

सह्याद्री_६१
आमच्या लहानपणी हे प्रश्नच नव्हते. बोहारीण यायची, जुन्या साड्यांवर पातेलं. पातेलं लहान दिलं म्हणून आई तासभर घासाघीस करायची. विंचरलेल्या केसांवरही खेड्यात भांडी देणाऱ्या बायका यायच्या. करवंटी चुलीत, सोडणाने भांडी, धोतराचं आधी पंचा मग पोतेरं. टूथब्रशने आधी दात, मग कंगवा साफ, मग परकराची नाडी ओवायला. फेकायचं काय होतं?

मेनरोड_नाशिक
काका, सगळं खरं, पण तुमच्याकडे वस्तूच बारा होत्या. वाड्यात एक एक्सरे. आजीने शून्य कचरा केला कारण आजीच्या हातात पैसा शून्य होता. तिला २०२४मध्ये मोबाईल देऊन बघितलं असतं तर दारात रोज दोन पार्सलं आली असती.

सह्याद्री_६१
माझ्या आईला बोलू नका. (हलकं घ्या. पण थोडंच.)

गोळीबार_मैदान
फार्मसीवाला आहे, औषधांचं सांगतो. तारीख न संपलेली, स्ट्रिप पूर्ण असलेली औषधं काही धर्मादाय दवाखाने घेतात, आधी फोन करा. संपलेली कमोडमध्ये ओतू नका, पाण्यात जातात. केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने २०२५ मध्ये १७ औषधांची यादी दिली आहे, फेंटॅनिल, ट्रॅमाडॉल अशी, ती मात्र फ्लश करा म्हणतात, कारण घरातल्या लहान पोराने एक गोळी खाल्ली तरी जीवावर बेतेल. बाकीच्या गोळ्या पाकिटातून काढून चहाच्या चोथ्यात किंवा मातीत कालवा, बंद डब्यात घालून घातक कचरा म्हणून वेगळ्या द्या. केरळने कोझिकोडमधून जुनी औषधं गोळा करायची 'एनप्राउड' नावाची योजना काढली आहे, आपल्याकडेही व्हायला हवी. माझ्या दुकानात लोक देऊन जातात, मला पुढे द्यायला जागा नाही, नाही म्हणायला जीभ रेटत नाही.

पाऱ्याचं मात्र गंमत समजू नका. एका थर्मामीटरमध्ये साधारण अर्धा ग्रॅम तरी पारा असतो. सीएफएल दिव्यात पाच मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे शंभर दिव्यांचा पारा तुमच्या डबीत आहे. प्लॅस्टिकची डबी असेल तर घट्ट झाकणाची काचेची बाटली घ्या, वर चिठ्ठी लावा, सावलीत ठेवा. सांडला तर झाडू किंवा व्हॅक्यूम अजिबात नाही, बारीक थेंब होऊन पसरतो. खिडक्या उघडा आणि जाड कार्डाने गोळा करा. ई-कचरा घेणाऱ्या संस्थांना विचारा, पुण्यात पूर्णम इकोव्हिजन ई-कचऱ्याच्या मोहिमा घेते, त्या लोकांना पुढची वाट माहीत असते.

शेवंती
बापरे. लहानपणी आम्ही तो पारा तळहातावर घेऊन खेळलोय. आजच बाटलीत काढला, बाल्कनीत बसून.

रसायनबुवा
आम्हीही खेळलो. म्हणूनच असे झालो.

काचेच्या भांड्यांचं राहिलंय, ओव्हनची काच बाटलीच्या काचेबरोबर देऊ नका. ती बोरोसिलिकेट असते, जास्त तापमानाला वितळते, भट्टीत साध्या काचेत तिचे खडे तसेच राहतात आणि अख्खा घाणा खराब होतो. चिनीमातीचे कपही तसेच. ते फोडून कुंडीच्या तळाला घाला, पाणी निचरायला. मी खापराऐवजी तेच वापरतो.

ओसाकावहिनी
वर 'याने काय होणार' वरून आठवलं. शिकोकू बेटावर कामिकात्सु नावाचं डोंगरातलं गाव आहे, २००३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की २०२०पर्यंत कचरा शून्यावर आणू. तिथे कचऱ्याची गाडीच नाही, लोक स्वतः केंद्रावर घेऊन येतात आणि चाळीसहून जास्त प्रकारांत वेगळं करतात. बाटलीचं झाकण वेगळं, बाटली वेगळी, लेबल वेगळं. मी गेले होते बघायला, एक आजी चष्मा डोक्यावर चढवून वहीच्या स्प्रिंगची तार ओढून काढत होत्या, घाई नाही काही नाही. शून्य झालं नाही, साधारण ८० टक्के कचरा रिसायकल होतो, तिथेच थांबले. उरलेलं काय तर डायपर, रबर, असल्या चिकटवलेल्या वस्तू. गावाने करायचं ते केलं, पुढचं बनवणाऱ्यांच्या हातात आहे.

ठाणे_वेस्ट_काकू
चाळीसहून जास्त!! आमच्याकडे ओला-सुका दोन डबे ठेवले तर गाडीत दोन्ही एकत्र ओततात. मी गाडीवाल्याला विचारलं तर म्हणाला, "काकू तुम्ही वेगळं केलं ना, झालं तुमचं काम."

कॅसेटवाला_बंड्या
कॅसेट देण्याआधी एकेक लावून बघा ही विनंती. कव्हरवर नाट्यगीतं लिहिलेलं असतं आणि आत कुणाच्या तरी बारशाचा गोंधळ निघतो. माझ्याकडे टेप आहे, डेक्कनला आणून द्या, मी संगणकावर उतरवून देतो, पैसे नकोत, मिसळ द्या. नंतर कॅसेट पाच स्क्रूंची असेल तर उघडते, खोकं वेगळं, फीत वेगळी. फितीचं कापड वर उल्लेख झालेले रीचरखावाले विणतात.

खडीसाखर
वाचनखूण साठवली. आणि मिसळीला मी पण येणार.

(मध्ये दोन पानं मिसळ कुठली यावर गेली, ती वगळून वाचा.)

शेवंती
पाच आठवड्यांनी परत आलेय, हिशेब द्यायला.

एक्सरे सेंटरवाल्याने घेतले, एक सोडून. आईने एक काढून ठेवला, मी आठ वर्षांची असताना झोपाळ्यावरून पडले होते तेव्हाच्या कोपराचा. मी म्हटलं मला आता काही होत नाही तिथे, ती म्हणाली तुला नसेल होत.

ओसाकावहिनींच्या त्या स्प्रिंग काढणाऱ्या आजी डोक्यात राहिल्या. दोन रविवार मी आणि नवरा पेचकस, पक्कड घेऊन बसलो. स्मृतिचिन्हांतली २२ शाळेने तशीच घेतली. उरलेल्यांपैकी बरीचशी सुटी झाली, पितळेच्या पट्ट्या, लाकडी बुडं, लोखंडी नट. पट्ट्यांवरची नावं नवरा मोठ्याने वाचत होता, रोटरी अमुक, विद्यालय तमुक, सन अमुक, आणि आई आतून "हो, तेव्हा पाऊस होता" वगैरे सांगत होती. 'वसुंधरा'वाली फायबरची १४ काही केल्या सुटली नाहीत, एकसंध ओतलेली आहेत. ती खोक्यात तशीच आहेत. चिंचगुळ, तुमच्या सोसायटीला हवी आहेत का? खाली ऊस निघणार नाही याची हमी.

तसबिरी नाशिकला पाठवल्या, पंचपाळेंच्या सासूबाईंच्या सातही बरोबर गेल्या, एकाच गाडीने. कॅसेटी बंड्याकडे आहेत, त्याने आतापर्यंत ११ उतरवल्या, एकीत बाबा आकाशवाणीवरच्या बातम्यांवर स्वतःच बोलताहेत, मागे कुकरची शिट्टी.

मग भंगारवाल्या काकांना परत बोलावलं. तोच ढीग, फक्त सुटा. पितळ, लाकूड, काच, पत्रा वेगवेगळ्या गोण्यांत. काटा लावला, घेतलं सगळं. म्हणाले, "ताई, पहिल्यांदाच असं दिलं असतं तर दोन फेऱ्या झाल्या नसत्या."

भंगारभूषण
वा! किती आले?

शेवंती
३४० रुपये. त्यातले २८० बंड्याच्या मिसळीला गेले.

कागद_काच_पत्रा
हे मस्त केलंत. शाळेला दिलेल्यांवरची जुनी नावं काढलीत ना?

चिंचगुळ
१४ पाठवा. यंदा वक्तृत्व स्पर्धा आहे, विषय पर्यावरणच ठेवायला सांगते.

खवचट_खारीक
आणि आजोबा?

शेवंती
परवा आत्या आली होती चिपळूणहून. आई चहा टाकत होती, मी आत्याला हा धागा वाचून दाखवत होते, ती खूप हसली, जपानच्या पेटीवर तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग उठली, डबी उघडून बघितली, बंद केली आणि पर्समध्ये टाकली. चहा पिऊन गेली.

खडीसाखर
काही बोलल्या नाहीत?

शेवंती
एस. टी. किती वाजता आहे एवढंच विचारलं.

नवा_गडी_०७
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत, घाईत आहे. आमच्याकडे २०१६चं थर्माकोलचं मखर आहे, सिंहासन आणि दोन हत्ती. बंदी आल्यापासून माळ्यावरच आहे. कुणी घेतं का?

रसायनबुवा
पेट्रोलमध्ये विरघळवून गच्चीच्या भेगा भरायला वापरतात लोक, पण घरात करू नका, आणि मी केलंय का ते विचारू नका.

शेवंती
नवा_गडी, वेगळा धागा काढा. हत्तींचे फोटो टाका.